शब्दविचार : कॉम्प्युटर म्हणजे हिशेब करणारा मनुष्य

जुन्या इंग्रजी शब्दकोशांतील व्याख्यांविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत.

प्रश्न : सासऱ्यांच्या ट्रंकेत एक इंग्रजी शब्दकोश सापडला. सुरुवातीची पाने फाटल्यामुळे छपाईचे साल कळत नाही. आतल्या कोऱ्या पानावर मात्र त्यांच्या वडिलांची सही असून खाली १९३४ असे लिहिले आहे. ‘कॉम्प्युटर’ या शब्दापुढे ‘हिशेब करणारा मनुष्य’ असा अर्थ दिलेला पाहून नात पोट धरून हसली. ही छपाईची चूक समजावी काय? कोश किती जुना असावा, आणि तो ठेवावा की रद्दीत घालावा? सोबत तीन पानांची छायाचित्रे पाठवत आहे.
– निवृत्त शिक्षिका, विटा

उत्तर : ती चूक नाही. आकडेमोड करणारे यंत्र हे नाव लावू लागण्याआधी तीनशेहून अधिक वर्षे इंग्रजीत तो शब्द माणसालाच लावला जात होता, आणि वेधशाळांत व भूमापन खात्यांत दिवसभर कोष्टके घेऊन बेरजा-गुणाकार करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पदाचे ते रीतसर नाव होते. राधानाथ सिकदार १८३१ साली हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात लागले ते याच पदावर, आणि आज एव्हरेस्ट म्हणून ओळखले जाणारे शिखर सर्वांत उंच ठरले ते पुढे त्यांनी केलेल्या आकडेमोडीतून. तेव्हा एव्हरेस्टची उंची एका ‘कॉम्प्युटर’नेच काढली होती, असे नातीला खुशाल सांगावे.

सालाविषयी थोडे सावकाश सांगतो, कारण आपण पाठवलेल्या छायाचित्रांतच अर्धे उत्तर आहे. सहीखालच्या तारखेवरून कोश १९३४ च्या नंतरचा नाही, एवढे निश्चित. दुसऱ्या छायाचित्रात ‘एअरोप्लेन’ हा शब्द मूळ कोशात नसून शेवटी जोडलेल्या पुरवणीत आहे, आणि पुरवणीचा टाइपही मूळ पानांपेक्षा बारीक दिसतो. हा शब्द इंग्रजीत तसा आधीपासून होता, पण सामान्य वाचकाला तो लागू लागला तो १९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाल्यानंतर. त्यामुळे कोशाचे मूळ खिळे त्यापूर्वी जुळवलेले असावेत आणि पुरवणी नंतर जोडून त्याच पानांची फेरछपाई केलेली असावी, असा माझा तर्क आहे. आता पुरवणीत ‘रोबो’ शब्द आहे का, हे पाहावे. तो कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या चेक नाटकातून जगभर गेला. तेव्हा ग्रह मानल्या गेलेल्या प्लूटोचा शोध १९३० चा. यांपैकी जो शब्द सापडेल त्याच्या सालानंतरची ती पुरवणी, हे पक्के. मात्र शब्द सापडला नाही म्हणून कोश त्याच्या आधीचाच, असे म्हणता येत नाही. कोशकार शब्द उशिरा घेतात, आणि प्रकाशक जुनी पाने वर्षानुवर्षे छापत राहतात.

रद्दीत मुळीच घालू नये. नातीला शाळेच्या अभ्यासासाठी मात्र नवा कोश घेऊन द्यावा.

प्रश्न : डॉ. जॉन्सन नावाच्या इंग्रज कोशकाराने ओट्स या धान्याची व्याख्या करताना स्कॉटलंडच्या लोकांची टवाळी केली, असे वाचले. शब्दकोशात अशी थट्टा शोभते काय? आमच्या गावच्या दुकानातसुद्धा हल्ली ओट्सची पाकिटे टांगलेली असतात, म्हणून विचारतो.
– शेतकरी वाचक, दहिवडी, ता. माण

उत्तर : सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश १७५५ साली लंडनमध्ये दोन मोठ्या खंडांत निघाला. ओट्सपुढे त्यांनी लिहिले ते असे : हे धान्य इंग्लंडात सामान्यतः घोड्यांना घालतात, पण स्कॉटलंडात त्यावर माणसे जगतात. गंमत म्हणजे या कामात त्यांच्या हाताखाली जे सहा लेखनिक होते, त्यांतले पाच स्कॉटलंडचेच होते.

शोभते की नाही, याचे माझे उत्तर सरळ नाही. कोश वापरणाऱ्याला धान्य ओळखता आले पाहिजे, आणि त्या दृष्टीने ही व्याख्या तोकडी आहे. पण त्या काळच्या दोन प्रदेशांची ताटे आणि एकाने दुसऱ्याकडे पाहण्याची नजर या एका वाक्यात जशी सापडते, तशी एखाद्या निर्दोष व्याख्येत सापडली नसती. आणि आपल्या तालुक्यातल्या माणसाला हे वाक्य परके वाटू नये. हुलग्याला इंग्रजीत ‘हॉर्स ग्रॅम’ म्हणतात, म्हणजे घोड्याचा हरभरा. हे नाव ज्यांनी दिले, त्यांनी हुलगा घोड्याच्या तोबऱ्यात पाहिला होता; माण-खटावच्या चुलीवर शिजणारे, वर लसणाची फोडणी दिलेले गरम माडगे त्यांच्यापुढे कुणी ठेवले नसावे. ओट्सचे पाकीट आज हुलग्यापेक्षा महाग मिळते, ही आणखी एक गोष्ट.

जॉन्सन यांचा खरा दोष मला थट्टेत नव्हे, तर कधीकधी सोपे अवघड करण्यात दिसतो. ‘नेटवर्क’ची त्यांची व्याख्या मराठीत साधारण अशी होईल : समान अंतरांवर जाळीदार किंवा परस्परछेदी असून छेदनबिंदूंच्या मध्ये अवकाश असलेली कोणतीही वस्तू. कृष्णाकाठच्या कोळ्याने खांद्यावरचे जाळे नुसते पसरून दाखवले असते, तरी काम झाले असते. पण चूक कबूल करण्यात हा गृहस्थ मोठा होता. घोड्याच्या पायाचा खुराच्या लगेच वरचा जो भाग, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ त्यांनी ‘घोड्याचा गुडघा’ असा दिला होता. असे का लिहिले, हे एका बाईंनी विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले : ‘अज्ञान, बाईसाहेब, निव्वळ अज्ञान.’

प्रश्न : याच कोशात पेन्शनला शिवी दिली आहे, हे खरे काय?
– माजी सैनिक, ता. सातारा

उत्तर : खरे आहे. कोणत्याही मोबदल्याविना दिलेली रक्कम, असे सांगून ते पुढे लिहितात, की इंग्लंडात याचा अर्थ सामान्यतः सरकारच्या भाडोत्री माणसाला देशद्रोहाबद्दल मिळणारा पगार असा समजतात. रोख अर्थातच राजकारण्यांच्या मर्जीतल्या माणसांवर होता. सेवा करून निवृत्त झालेल्या आपल्यासारख्यांशी त्याचा काही संबंध नाही. पुढे १७६२ साली तिसऱ्या जॉर्ज राजाकडून खुद्द जॉन्सन यांनाच सालाना ३०० पौंडांची पेन्शन देऊ करण्यात आली. स्वतःची व्याख्या आठवून ते घुटमळले, मित्रांना विचारले, आणि ही रक्कम आपण पुढे काही करावे म्हणून नसून आजवर केलेल्या कामाबद्दल आहे, अशी ग्वाही मिळाल्यावर त्यांनी ती घेतली. विरोधकांनी ती व्याख्या त्यांना पुढे वारंवार ऐकवली.

प्रश्न : आजोबांच्या कोशात ‘ऑफुल’ म्हणजे आदरयुक्त भय वाटायला लावणारे आणि ‘नाइस’ म्हणजे अतिचोखंदळ असे अर्थ आहेत. शाळेत याहून वेगळे शिकवतात. परीक्षेत काय लिहावे?
– इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : परीक्षेत आजचाच अर्थ लिहावा. आजोबांचा कोशही खोटा नाही. ‘नाइस’ हा शब्द तर ‘अज्ञानी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघून मूर्ख, मग चोखंदळ, मग काटेकोर असे मुक्काम करत ‘छान’पर्यंत आला. आपल्याकडे काय झाले ते पाहा. ‘राग’ म्हणजे संस्कृतात रंग किंवा प्रेम. मराठीत आपण रागाने लाल होतो, त्यात रंग तेवढा उरला आणि प्रेम गेले. ‘शिक्षा’ म्हणजे मुळात शिक्षण, आणि आज मराठी मुलांना शिक्षा म्हटली की बाकावर उभे राहणेच आठवते. ‘अपरोक्ष’ने तर उलटी उडीच मारली आहे : मूळ अर्थ डोळ्यांसमोर, आणि आपण बोलतो ते पाठीमागे या अर्थाने.

जुना अर्थ कधीकधी एखाद्या कोपऱ्यात टिकून राहतो. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे योग्य चौकटीत पडला, की पंच ‘लेट’ असे म्हणतात. पुष्कळ प्रेक्षक त्याचा अर्थ उशीर असा लावतात, पण तो शब्द वेगळा आहे. हा ‘लेट’ म्हणजे अडथळा. परवानगी देणे या अर्थाच्या रोजच्या ‘लेट’शी त्याचे स्पेलिंग तंतोतंत जुळते, अर्थ मात्र जवळजवळ उलटा आहे. आजोबांच्या कोशात तो बहुधा सापडेल, शोधून पाहावा.