मार्कोव्हनिकोव्हचा नियम पाठ आहे, तरी उत्तर का चुकतं?

3-मिथिल-1-ब्युटीनवर (पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध असलेला रेणू) एचबीआरची, म्हणजे हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया. नियम सांगतो की दुहेरी बंधातल्या ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन आहेत तिथे हायड्रोजन जातो आणि उरलेल्या कार्बनवर ब्रोमीन. तुम्ही त्याप्रमाणे ब्रोमीन दुसऱ्या कार्बनवर बसवलंत आणि उत्तरसूचीत मुख्य उत्पादित 2-ब्रोमो-2-मिथिलब्युटेन निघालं. छपाईची चूक आहे का, असं विचारलंय. नाही. मीही एकेकाळी इथेच अडकलो होतो.

मार्कोव्हनिकोव्हने नियम मांडला 1870 मध्ये, इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये. म्हणजे तो नियम निरीक्षणातून आलेला, कारण न सांगणारा. कारण असं की दुहेरी बंधातले पाय (π) इलेक्ट्रॉन, म्हणजे त्यातल्या सैल बंधाचे इलेक्ट्रॉन, आधी एचबीआरमधल्या प्रोटॉनला (H⁺) पकडतात. ब्रोमाइड (Br⁻) नंतर येतं आणि त्या क्षणी धनप्रभार जिथे असेल तिथे चिकटतं. त्यामुळे हायड्रोजन मोजत बसू नका, प्रभार कुठे आहे ते बघा.

आता तुमचा रेणू कागदावर काढा. प्रोटॉन टोकाच्या कार्बनवर गेला, प्रभार दुसऱ्यावर आला. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण हा कार्बोकॅटायन (धनप्रभार असलेला कार्बन) द्वितीयक आहे, म्हणजे त्याला दोन कार्बन जोडलेले आहेत, आणि शेजारच्या तिसऱ्या कार्बनवर दोन मिथिल गट आणि एक हायड्रोजन आहे. तो हायड्रोजन बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन दुसऱ्या कार्बनवर सरकतो. प्रभार तिसऱ्यावर जातो, कार्बोकॅटायन तृतीयक (तीन कार्बन जोडलेला) होतो, जास्त स्थिर. ब्रोमाइड तिथे बसतं. मग क्रमांक दुसऱ्या टोकाकडून द्यायचे, म्हणून नावात 2. तुमचं 2-ब्रोमो-3-मिथिलब्युटेनही थोडं मिळतंच, फक्त मुख्य नसतं.

एचबीआरसोबत पेरॉक्साइड (मुक्त मूलक तयार करणारं संयुग) घातलं की नियम उलटतो, ब्रोमीन टोकाच्या कार्बनवर बसतं, असं सांगतात (खराश आणि मेयो, 1933). उलटत वगैरे काही नाही, आधी येणारा पाहुणा बदलतो. तिथे ब्रोमीनचा मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला अणू) पहिल्यांदा टोकाच्या कार्बनला लागतो आणि हायड्रोजन मागून येतो. एचसीएल किंवा एचआयला हे जमत नाही, परीक्षेत यावर हमखास फसवतात.

सायक्लोहेक्झीनवर ब्रोमीन घालाल तेव्हा मात्र हे सरकासरकीचं गणित लावू नका. तिथे उघडा कार्बोकॅटायन नसतोच. एकच ब्रोमीन दोन्ही कार्बनांना धरून तीन अणूंचं कडं करतं, दुसऱ्या ब्रोमीनला पाठीमागूनच यावं लागतं, आणि हाती येतं ते ट्रान्स उत्पादित, म्हणजे दोन ब्रोमीन कड्याच्या विरुद्ध बाजूंना.