खंड्याचे गुरगुरणे आणि टिकलीची नजर

"आमच्या खंड्याने बारा वर्षांत कुणावर दात विचकले नव्हते. आता अडीच महिन्यांचे पिल्लू जवळ आले की तो गुरगुरतो, उठून निघून जातो आणि कितीही समजावले तरी ऐकत नाही. नऊ दिवस झाले. आमचे चुकले का? पिल्लू परत द्यावे का?" असे पत्र एका बाईंनी मला लिहिले होते. पिल्लू बॉर्डर कॉली या मेंढरे वळणाऱ्या जातीचे होते, कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून तिचे नाव टिकली ठेवले होते. (दोघांचीही नावे मी येथे बदलली आहेत.) घरात म्हातारा कुत्रा असताना नवे पिल्लू आणणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो आणि बहुतेक वेळा तो याच रीतीने विचारला जातो, म्हणजे तक्रार म्हाताऱ्याविषयी असते आणि पिल्लाविषयी कौतुक असते.

मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांना एवढेच सांगितले की मी आलेच नाही असे समजून तुम्ही आपले रोजचे व्यवहार चालू ठेवा. खंड्या खिडकीखालच्या गादीवर पडून होता. त्याच्यापासून चार हातांवर टिकली फरशीला पोट टेकून, हनुवटी जवळजवळ जमिनीला लावून, पापणीही न हलवता त्याच्याकडे बघत होती. "बघा, किती शहाण्यासारखी बसते त्याच्याजवळ, हाच उठून भांडण काढतो," असे बाई म्हणाल्या. खंड्याने मान भिंतीकडे वळवली, जिभेने नाक चाटले आणि झोप आलेली नसताना जांभई दिली. मग तो उठू लागला. पुढचे पाय टेकले, पण मागचा भाग गुळगुळीत फरशीवर दोनदा घसरला आणि तिसऱ्या खेपेस तो उभा राहिला. पाण्याच्या भांड्याच्या दिशेने तो पाच-सहा पावले गेला असेल, तोच टिकली अर्धवर्तुळ घेऊन त्याच्या पुढे आली, दाराच्या चौकटीत दबा धरून बसली आणि पुन्हा तशीच टक लावून राहिली. तो बाजूने जाऊ लागला, तेव्हा तिने मागून येऊन त्याच्या घोट्याला हलकेच दात लावले. खंड्या गुरगुरला. "खंड्या, गप! लहान आहे ना ती?" असे बाई ओरडल्या आणि खंड्या पाणी न पिता गादीवर परत आला.

वीस मिनिटांत हा प्रकार माझ्यासमोर चार वेळा घडला. बोलता बोलता बाईंच्या यजमानांनी सहज सांगितले की खंड्या हल्ली रात्री उठून घरभर फिरतो, भांडेभर पाणी पितो, त्यामुळे त्याला म्हातारचळ लागला असावा अशी त्यांना शंका होती. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये बुद्धी मंदावण्याचा विकार असतो, त्यात रात्री फिरणे हे लक्षण असते आणि जास्त पाणी पिणे हे मूत्रपिंडाच्या किंवा अन्य आजाराचेही लक्षण असू शकते, म्हणून ही गोष्ट पशुवैद्यांच्या कानावर घालायलाच हवी, असे मी त्यांना सांगितले. परंतु मी जे पाहिले होते त्यावरून मला वेगळीच शंका येत होती. टिकली रात्री जाळीच्या कुंपणात झोपत असे. चोवीस तासांत तेवढाच काळ खंड्याला पाण्यापर्यंतची वाट मोकळी मिळत होती.

टिकलीच्या त्या नजरेचा अर्थ समजल्याशिवाय पुढचा कोणताही उपाय नीट करता येत नाही. शिकारी प्राण्याच्या वागण्यात एक क्रम असतो: सावज शोधणे, त्यावर नजर रोखणे, दबकत सरकणे, पाठलाग करणे, पकडणे आणि मारणे. मेंढरे वळणाऱ्या कुत्र्यांची पैदास करताना माणसाने पिढ्यानपिढ्या या क्रमातील सुरुवातीचे टप्पे अधिक धारदार केले आणि शेवटचे बोथट केले. बॉर्डर कॉलीच्या वंशावळीत मूळपुरुष मानला जाणारा ओल्ड हेम्प हा 1893 साली जन्मलेला कुत्रा न भुंकता, न चावता, केवळ नजरेच्या आणि हालचालीच्या दाबाने मेंढ्या हलवत असे, म्हणून त्याला एवढे महत्त्व आले. ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग आणि कॉर्गी यांसारख्या गुरे हाकणाऱ्या जातींमध्ये मात्र टाचेला चावण्याची प्रवृत्ती कामासाठीच पक्की केलेली असते. दहा आठवड्यांच्या पिल्लात हे सारे कुणी न शिकवता उगवते. घरात मेंढ्या नसल्या तरी हलणारे काहीतरी असतेच, धावणारी मुले, केरसुणी, आणि सर्वांत सोपा म्हणजे संथ चालणारा म्हातारा कुत्रा.

कुत्र्यांच्या आपसांतील भाषेत मात्र रोखलेली नजर हे आव्हान असते. सभ्य कुत्रा दुसऱ्याकडे सरळ टक लावून बघत नाही. तो मान वळवतो, वळसा घेऊन येतो. म्हणजे टिकली जे काम म्हणून करत होती ते खंड्याला धमकीसारखे वाटत होते आणि खंड्या मान वळवून जी विनंती करत होता ती टिकलीच्या दृष्टीने आपले काम फळाला येत असल्याची खूण होती. मेंढी दूर सरकली की वळणाऱ्या कुत्र्याला समाधान मिळते. खंड्या उठून गेला की टिकलीलाही तेच मिळत होते, त्यामुळे दर वेळी तिची ही सवय घट्ट होत होती. "दोघे आपापसांत मिटवून घेतील" हा सल्ला या बाईंना अनेकांनी दिला होता. इतर पिल्लांच्या बाबतीत तो कधी कधी निभावतो, पण वळणाऱ्या जातीच्या पिल्लासमोर दुखऱ्या कुत्र्याला असे सोडणे मला अन्यायाचे वाटते आणि ते मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले.

खंड्या दुखरा आहे हे उठताना घसरणाऱ्या त्याच्या मागच्या पायांवरून दिसत होते, म्हणून पहिली पायरी पशुवैद्यांची होती. तपासणीत कंबरेच्या सांध्यांचा संधिवात आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, कानही बरेच मंदावले होते. मूत्रपिंडे ठीक होती. वर्तनाचा कोणताही प्रश्न घेऊन आलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याची वेदना आधी तपासावी, हा माझा नियम आहे, कारण दुखणारी कंबर पिल्लाच्या एका उडीने कळवळते आणि आपल्याला वाटते की स्वभाव बिघडला. येथे एक सावधगिरीची सूचना करते: माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल, कुत्र्याला आपल्या मनाने कधीही देऊ नयेत, त्या जिवावर बेतू शकतात. तसेच एका कुत्र्याचे औषध दुसऱ्याला देऊ नये, कारण कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींमधील काही कुत्र्यांत एमडीआर1 या जनुकाचा दोष असतो आणि परजीवींवरील आयव्हरमेक्टिनसारखी औषधे मोठ्या मात्रेत त्यांच्या मेंदूवर विषासारखी परिणाम करतात.

त्यानंतर आम्ही गुरगुरण्याविषयी बोललो. बाईंना त्याचेच सर्वाधिक वाईट वाटत होते. मान वळवणे, नाक चाटणे, जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ होणे, मग गुरगुरणे, मग ओठ उचलणे, मग हवेत दात आपटणे अशा पायऱ्या चढत कुत्रा आपले म्हणणे मांडत असतो. खंड्या पहिल्या चार पायऱ्यांवर बोलत होता तेव्हा कुणीच ऐकले नाही आणि पाचवी-सहावी गाठल्यावर त्याला दटावले गेले. गुरगुरण्यासाठी वारंवार रागावले गेलेले कुत्रे गुरगुरणे सोडते, त्याची अस्वस्थता मात्र तशीच राहते, आणि मग एखाद्या दिवशी ते कोणतीही सूचना न देता चावते. म्हणून मी त्यांना सांगितले की यापुढे खंड्या गुरगुरला तर त्याला एक शब्दही बोलू नका, शांतपणे टिकलीला उचला आणि तिला दुसरे काहीतरी करायला द्या. गुरगुरल्यावर पिल्लू स्वतःहून मागे सरले तर प्रश्नच नाही, तेवढे शिक्षण म्हाताऱ्याने द्यायला हरकत नसते. ते सरकत नसेल तर मध्ये पडणे हे आपले काम आहे.

घराची मांडणी आम्ही त्याच दिवशी बदलली. खंड्याची गादी पाठीमागे भिंत येईल अशी कोपऱ्यात हलवली, कारण कमी ऐकू येणारा कुत्रा झोपेत कुणी अंगावर पडले की दचकून चावू शकतो. त्या खोलीच्या दाराला कडी असलेले जाळीचे फाटक बसवले. गादीपासून दारापर्यंत न घसरणाऱ्या चटया अंथरल्या, म्हणजे निघून जावेसे वाटले तर त्याला खरोखर निघून जाता येईल. खोलीत त्याचे स्वतःचे पाण्याचे भांडे ठेवले. दोघांचे जेवण वेगळ्या खोल्यांत आणि दार लावून. पाण्याचे भांडे ठेवल्यापासून तिसऱ्या रात्री खंड्या सकाळपर्यंत झोपला, हे यजमानांनी मला मुद्दाम फोन करून सांगितले.

दोघांची ओळख आम्ही नव्याने करून दिली. पहिल्या दिवशी टिकलीला आणून थेट खंड्याच्या गादीवर बसवण्यात आले होते. हौस समजण्याजोगी आहे, पण म्हाताऱ्याच्या अंथरुणावर परके पिल्लू आणून टाकण्यासारखी दुसरी वाईट सुरुवात नाही. या वेळी घराबाहेर, दोन माणसांच्या हाती दोन पट्टे देऊन, मध्ये दहा-पंधरा पावलांचे अंतर ठेवून दोघांना एकाच दिशेने चालवले. एकाच दिशेने चालणारे कुत्रे एकमेकांकडे रोखून बघत नाहीत, आणि वळणाऱ्या पिल्लाला समोर येऊन वाट अडवता येत नाही. टिकलीच्या लसी पूर्ण व्हायच्या होत्या (त्या साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात), म्हणून जेथे अनोळखी कुत्री येत नाहीत अशीच जागा निवडली आणि बराचसा रस्ता ती कडेवर होती. अंतर दररोज थोडे थोडे कमी केले. दहाव्या दिवशी खंड्याने स्वतःहून थांबून तिच्या शेपटीचा वास घेतला.

घरातला सगळ्यांत कठीण भाग म्हणजे नजर तोडणे. वळणाऱ्या पिल्लाने पाठलाग सुरू केल्यावर त्याला काही ऐकू येत नाही, म्हणून हाक त्याआधी, ते अंग खाली घालून टक लावते त्याच क्षणी मारावी लागते. टिकलीने मान वळवून बाईंकडे पाहिले की लगेच खाऊचा तुकडा, एवढाच धडा दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन मिनिटांचा. सुरुवातीला बाईंना ही वेळ साधेना, कारण टिकली पळायला लागल्यावर त्या ओरडत. त्यांना मी टिकलीच्या खांद्यांकडे बघायला शिकवले: मान खांद्यांच्या रेषेखाली गेली की हाक मारायची.

यजमान तिला दमवण्यासाठी रोज तासभर चेंडू फेकत होते. ते मी थांबवायला सांगितले. चेंडूमागे धावण्यात पाठलागाचीच तालीम होते, वाढत्या सांध्यांनाही ती सोसत नाही, आणि या वयाच्या पिल्लाला दिवसातून अठरा-वीस तास झोप लागते. संध्याकाळी टिकली सर्वाधिक चावत होती ती शक्ती उरल्यामुळे नव्हे, झोप न मिळाल्यामुळे. चेंडूऐवजी वास घेऊन खाऊ शोधणे, चघळणे आणि ठरलेल्या वेळी कुंपणात झोप असा दिनक्रम लावल्यावर ती आठवड्याभरात निवळली.

तिसऱ्या आठवड्यात पाहुणे आले, फाटक उघडे राहिले आणि टिकली झोपलेल्या खंड्यावर जाऊन पडली. तिच्या नाकावर एक ओरखडा उमटला. बाईंनी रडत फोन केला. आता त्याला बांधून ठेवावे का, असे त्या विचारत होत्या. जखम पशुवैद्यांना दाखवायला सांगून मी त्यांना म्हटले की खंड्याचे जबडे ते नाक फोडू शकत होते आणि त्याने ते केले नाही, दचकून जागे होतानाही त्याने स्वतःला आवरले, तेव्हा बंदोबस्त फाटकाचा करा, खंड्याचा नको. मात्र पुढची कल्पनाही दिली: लहान पिल्लांना मोठी कुत्री जी सूट देतात ती चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास संपत जाते आणि सहाव्या महिन्यानंतर वळण्याची ऊर्मी अधिक जोर धरते, त्यामुळे हा धडा वर्षभर चालू ठेवावा लागेल.

त्याच संभाषणात बाईंनी पत्रात न लिहिलेले कारण सांगितले. खंड्या गेल्यावर घर रिकामे होईल या भीतीने त्यांनी टिकलीला आणले होते, आणि आता तो असतानाच त्याला आपण दूर लोटले असे त्यांना वाटत होते. अनेक घरांत पिल्लू याच भीतीपोटी येते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. मी त्यांना एवढेच सांगितले की दोघांची मैत्री व्हावी ही अपेक्षा सोडा. खंड्याने टिकलीला वाढवावे ही त्याची जबाबदारी नाही. रोज अर्धा तास फाटक लावून तुम्ही एकट्या त्याच्याजवळ बसा. आणि त्याने खाणे सोडले, तो कोपऱ्यात लपून राहू लागला किंवा जखमा होऊ लागल्या, तर टिकलीला लहान वयातच चांगले घर बघून देणे हा विश्वासघात ठरणार नाही, दोघांवरील माया ठरेल. तशी वेळ त्यांच्यावर आली नाही.

टिकली सहा महिन्यांची झाल्यावर मी पुन्हा गेले. दुपारची वेळ होती, फाटक उघडे होते आणि टिकली बाईंच्या पायाशी चघळत पडली होती. खंड्या उठला, या वेळी एकाच प्रयत्नात, आणि चटईवरून बाहेरच्या भांड्याकडे निघाला. टिकलीची मान खाली गेली, खांदे ताणले गेले. बाईंनी हाक मारली नाही, नुसती वाट पाहिली. टिकलीने एकदा खंड्याकडे पाहिले, मग मान वर करून बाईंकडे पाहिले आणि तशीच पडून राहिली. खंड्या तिच्या पुढून गेला, भांड्याशी थांबला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला.