गॅरंटी, वॉरंटी आणि वॉरंट : एकाच शब्दाची तीन रूपं

प्रश्न असा आहे : इन्व्हर्टरची बॅटरी घेताना दुकानदार सांगतो, ‘दोन वर्षं गॅरंटी, पुढची दोन वर्षं वॉरंटी.’ हे खरोखर दोन वेगळे शब्द आहेत का? असतील तर इतके सारखे का दिसतात? आणि पोलीस घेऊन येतात ते वॉरंट याच घराण्यातलं का?

आधी दुकानापुरतं उत्तर. आपल्या बाजारात गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार किंवा नवीन घेताना काही टक्के सूट मिळणार, असा संकेत रूढ झाला आहे. हा भेद व्यापाऱ्यांनी सोयीसाठी पाडला, तो शब्दांच्या मूळ अर्थात नाही. कायद्यात तर वेगळंच आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२६ गॅरंटीची जी व्याख्या करतं ती तिसऱ्या माणसासाठी घेतलेल्या हमीची : त्यानं कर्ज फेडलं नाही तर मी फेडीन. १९३०च्या मालविक्री कायद्याच्या कलम १२मध्ये वॉरंटी ही मुख्य कराराला जोडलेली दुय्यम अट आहे; ती मोडली तर भरपाई मागता येते, पण तेवढ्यावर माल परत करता येत नाही. म्हणून काउंटरवर कोणता शब्द वापरला याला फार महत्त्व देऊ नका, कार्डावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

आता खरा मुद्दा. हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. इंग्रजीत तो शब्द दोनदा आला, दोन वेगळ्या दारांनी. पहिलं दार १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांनी, म्हणजे फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मंडीतल्या लोकांनी, उघडलं.

थोडं मागे जाऊ. पाचव्या शतकापासून फ्रँक ही जर्मानिक (जर्मन आणि इंग्रजी ज्या भाषाकुळातल्या, त्या कुळातली भाषा बोलणारी) टोळी आजच्या फ्रान्समध्ये पसरली. त्यांच्या भाषेत ‘पाठीशी उभा राहणारा, हमी देणारा’ अशा अर्थाचा एक शब्द होता आणि तो ओठांचा चंबू करून उच्चारायच्या ‘व’नं सुरू होत होता. तिथले लॅटिन बोलणारे लोक शब्दाच्या सुरुवातीचा हा उच्चार विसरले होते, त्यांचा ‘व’ दात ओठावर टेकवून निघायचा. (आपण मराठीत हे दोन ‘व’ वेगळे मानत नाही, त्यामुळे ही अडचण आपल्याला चटकन जाणवत नाही.) त्यांनी पुढे ‘ग’ जोडला, ‘ग्व’ झालं आणि पॅरिसकडच्या बोलीत नुसता ‘ग’ उरला. उत्तरेकडे, म्हणजे पिकार्डी आणि नॉर्मंडीत, जुना ‘व’ टिकला.

नॉर्मंडीतले राज्यकर्ते मूळचे व्हायकिंग. ९११ साली फ्रान्सच्या राजानं रोलो या त्यांच्या म्होरक्याला सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख दिला. काही पिढ्यांत ते फ्रेंच बोलू लागले, पण त्यांची फ्रेंच ही ‘व’वाली फ्रेंच. १०६६ला इंग्लंड जिंकणाऱ्या त्यांच्या राज्यकर्त्याचं नावच याचा पुरावा आहे. पॅरिसच्या फ्रेंचमध्ये तो ‘गियोम’, इंग्रजीत मात्र ‘विल्यम’. बायोच्या प्रसिद्ध भरतकामाच्या पट्टीवर, जिच्यात या विजयाची गोष्ट चितारली आहे आणि जी जवळजवळ ७० मीटर लांब आहे, त्याचं नाव लॅटिन मजकुरात ‘व’नंच टाचलेलं आहे.

१४ ऑक्टोबर १०६६ला हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा हॅरल्ड राजा मारला गेला आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी विल्यमनं वेस्टमिन्स्टरला राज्याभिषेक करून घेतला. त्यानंतरच्या २० वर्षांत इंग्लंडचा वरचा वर्ग जवळजवळ पूर्ण बदलला. इतका झपाट्यानं झालेला असा बदल युरोपात दुसरीकडे क्वचितच सापडेल. १०८५च्या नाताळात विल्यमनं जमिनीची पाहणी करायचा हुकूम दिला आणि त्यातून डूम्सडे बुक तयार झालं. १३ हजारांवर गावांच्या त्यातल्या नोंदी वाचताना एक ठरलेला साचा दिसतो : हॅरल्डच्या आधीच्या एडवर्ड राजाच्या काळात ही जमीन कोणाकडे होती आणि आज कोणाकडे आहे. आधीची नावं गॉडविन, लेओफ्रिक, वुल्फ अशी. नंतरची रॉबर्ट, ह्यू, विल्यम, राल्फ. थेट राजाकडून मोठी जमीन धारण करणारे इंग्रज सरदार १०८६पर्यंत जेमतेम दोन उरले होते. चर्चमध्येही तेच. जुन्या इंग्रज बिशपांपैकी शेवटचा, वूस्टरचा वुल्फस्टन, १०९५ला वारला.

जमिनीची अशी उलथापालथ झाल्यावर कोणता शब्द सगळ्यात गरजेचा ठरेल? हमीचा. नव्या व्यवस्थेत सगळी जमीन शेवटी राजाची. सरदार ती राजाकडून धारण करणार, त्याच्या हाताखालचा माणूस सरदाराकडून. जमीन देणारा दस्तात लिहून द्यायचा की मी आणि माझे वारस ही जमीन सर्वांविरुद्ध तुझ्यासाठी राखू. हीच ‘वॉरंटी’. उद्या तिसऱ्यानं येऊन दावा ठोकला तर धारकानं आपल्या धन्याला कोर्टात उभं करायचं. धनी हरला तर त्यानं तेवढ्याच मोलाची दुसरी जमीन द्यायची. बदलून देण्याची ही जबाबदारी आज आपल्या दुकानात ‘गॅरंटी’च्या नावावर आहे, मध्ययुगात ती वॉरंटीची होती.

याच शब्दाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १२७८पासून इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डचे (हॅरल्डच्या आधीचा एडवर्ड वेगळा) न्यायाधीश गावोगाव फिरून सरदारांना विचारू लागले : बाजार भरवण्याचा, कोर्ट चालवण्याचा, फाशी देण्याचा हा हक्क तुम्ही कोणत्या अधिकारानं वापरता? लॅटिनमध्ये हा प्रश्न ‘क्वो वॉरंटो’. एका इतिवृत्तात असं आहे की सरे परगण्याचा अर्ल, म्हणजे मोठा सरदार, जॉन द वॉरेन न्यायाधीशांसमोर गंजलेली तलवार उपसून म्हणाला, हे पाहा माझं वॉरंट. माझे पूर्वज विल्यमबरोबर आले आणि त्यांनी या तलवारीनं जमिनी जिंकल्या. इतिहासकार ही गोष्ट जशीच्या तशी खरी मानत नाहीत, पण त्या काळच्या सरदारांचा ताठा तिच्यात पुरेपूर उतरला आहे. शेवटी १२९०च्या कायद्यानं तोडगा निघाला : ११८९च्या आधीपासून अखंड वहिवाट असेल तर हक्क कायम. ‘क्वो वॉरंटो’ मात्र आजही जिवंत आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३२ आणि २२६मधल्या आदेशांत तो आहे, आणि एखादा माणूस सार्वजनिक पदावर हक्क नसताना बसला असेल तर उच्च न्यायालयात हाच प्रश्न विचारला जातो. जर्मानिक मूळ, नॉर्मन उच्चार आणि शेवटी लॅटिन प्रत्यय, असा हा शब्द आहे.

दुसरं दार बरंच नंतर उघडलं. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पॅरिसच्या फ्रेंचचा रुबाब वाढत गेला आणि इंग्रजीत ‘ग’वाले शब्द येऊ लागले. ‘गॅरंटी’ तर सोळाव्या-सतराव्या शतकातली. तोवर ‘वॉरंटी’ इंग्रजीत पक्की मुरली होती. जुना शब्द गेला नाही, नवा आला, आणि मग दोघांनी कामं वाटून घेतली. अशा जोड्या आपण रोज बोलतो. हॉस्टेलचा वॉर्डन नॉर्मन, मुलाचा गार्डियन पॅरिसकडचा. रिवॉर्ड आणि रिगार्ड हेही मुळात एकच, ‘कोणाकडे लक्ष देणं’. वॉर्डरोब नॉर्मन आहे, त्याचं ‘ग’वालं रूप गार्डरोब किल्ल्यांच्या वर्णनात सापडतं. दवाखान्यातला किंवा महापालिकेतला ‘वॉर्ड’ मात्र फ्रेंचमधून आलेला नाही. तो इंग्रजीचा स्वतःचा, विजयाच्या आधीपासूनचा, पण त्याच जर्मानिक मुळाचा.

‘क’ आणि ‘च’चीही अशीच गंमत आहे, तिच्यात फार शिरत नाही. लॅटिनमधला ‘का’ नॉर्मंडीत ‘क’च राहिला, पॅरिसकडे ‘च’ झाला. म्हणून कॅटल आणि चॅटल, कॅच आणि चेस. कॅटलचा मूळ अर्थ जंगम मालमत्ता; गुरं ही तेव्हाची मुख्य मालमत्ता, म्हणून पुढे तो अर्थ गुरांपुरता उरला.

इथे एक समज दूर करायला हवा. नॉर्मन आले आणि इंग्रजीत लगेच फ्रेंच शब्दांचा पूर आला, असं अनेकदा लिहिलं जातं. तसं झालं नाही. पीटरबरोच्या मठात १०६६नंतरही इंग्रजीतून इतिवृत्त लिहिलं जात होतं, थेट ११५४पर्यंत. १०८७ला विल्यम मेला तेव्हाच्या नोंदीत एक ओळ आहे : ‘कास्तेलास हे लेत वुर्चेआन.’ त्यानं किल्ले बांधवले, आणि पुढे, गरिबांना फार छळलं. सगळी ओळ अस्सल इंग्रजी, आणि किल्ल्याचा शब्द तेवढा नव्या धन्यांच्या अर्थानं आलेला. त्याच इतिवृत्तात ११४०च्या नोंदीत स्टीफन राजा आणि चेस्टरचा अर्ल यांच्यातल्या भांडणासाठी ‘वेर्रे’ हा शब्द येतो. हाच आजचा ‘वॉर’. पॅरिसच्या फ्रेंचमध्ये तो ‘गेर’. इंग्रजीत युद्धासाठी स्वतःचे शब्द भरपूर होते, ‘विग’ हा त्यातला एक, तरी रुजला तो नॉर्मन शब्द.

म्हणजे सुरुवातीला शब्द आले ते किल्ला, युद्ध, हमी असे, सत्तेबरोबर येणारे आणि मोजके. खरा लोंढा साधारण १२५० ते १४००च्या दरम्यानचा आहे, आणि त्याचं कारण उलटं आहे. १२०४ला इंग्लंडच्या राजानं नॉर्मंडी गमावली. सरदारांना एकच देश उरला, त्यांच्या मुलांची बोलायची भाषा इंग्रजी झाली आणि ही मुलं इंग्रजी बोलताना सवयीचे फ्रेंच शब्द सोबत घेऊन आली. फ्रेंच जसजशी मावळत गेली तसतशी ती इंग्रजीत जास्त शिरली. १३६२ला कायदा झाला की कोर्टातले वादविवाद इंग्रजीत व्हावेत, कारण फ्रेंच लोकांना कळत नाही. तो कायदा लिहिला गेला फ्रेंचमध्ये! वकिलांनी दस्तांमधून ही भाषा पुढेही लवकर सोडली नाही. जज, ज्युरी, बेल, अपील हे सगळे तिकडचे. ‘अटर्नी जनरल’मध्ये विशेषण नामाच्या मागे येतं तेही फ्रेंच वळणानं.

आता उरलं पोलिसांचं वॉरंट. होय, ते याच घराण्यातलं आहे, आणि मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ तेच राहिलं आहे. आपल्याला वाटतं वॉरंट म्हणजे आरोपीविरुद्धचा कागद. शब्दाच्या अंगानं पाहिलं तर तो कागद बजावणाऱ्याच्या पाठीशी उभा असतो. एखाद्याला धरून नेणं हा एरवी गुन्हा ठरला असता. हा माणूस ते न्यायालयाच्या हुकमानं करतो आहे, अशी हमी त्या कागदात असते. म्हणून अटक वॉरंट लेखी असावं लागतं, त्यावर न्यायाधीशाची सही आणि न्यायालयाचा शिक्का लागतो, आणि ते बजावलं जाईपर्यंत किंवा ज्या न्यायालयानं काढलं ते रद्द करेपर्यंत लागू राहतं.