तारीख, तिथी आणि फळ्यावरचा दिनविशेष

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत परिपाठाच्या फळ्यावर '११ ऑक्टोबर : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज पुण्यतिथी' असं लिहितात. मोझरीला, महाराजांच्या आश्रमात, पुण्यतिथीचा कार्यक्रम मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी असतो. बरोबर काय?

उत्तर : मोझरी बरोबर. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला, तो स्मृतिदिन. त्या दिवशी आश्विन वद्य पंचमी होती; ती पुण्यतिथी. शब्दातच 'तिथी' असताना त्याला ऑक्टोबर चिकटवतात, हे ऐकून कान किटले. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथी दर वर्षी अकरा-एक दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारते. गेल्या वर्षीची यादी उतरवली की चुकलंच. मध्य प्रदेशाला लागून असलेल्या वरुड-मोर्शीकडे भिंतीवर हिंदी कॅलेंडर असेल तर त्यात हीच पंचमी 'कार्तिक कृष्ण' सापडेल. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यावरून फळा पुसायला धावू नका.

फळ्यावरच्या इतर दिवसांचंही तसंच. चिमूर आणि आष्टी, दोन्हीकडचा 'भारत छोडो'मधला उठाव १६ ऑगस्ट १९४२ चा. त्या दिवशी नागपंचमी होती, तेही कंसात लिहावं. बाबासाहेबांची नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, विजयादशमीची. म्हणून दीक्षाभूमीवर दसऱ्याला गर्दी लोटते, आणि चंद्रपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा मात्र १५-१६ ऑक्टोबरला. एक तिथी धरतो, दुसरा तारीख. भांडण कशाचंच नाही.

खरी गंमत 'तारीख' या शब्दात आहे. अरबीत तारीख म्हणजे दिवसाचा आकडाही आणि इतिहासही. 'तवारीख' हे त्याचंच अनेकवचन. अकराव्या शतकातला विद्वान अल्‌-बिरुनी याने सांगितलेली व्युत्पत्ती अजून उगाळली जाते : फारसी 'माहरोज' अरबांनी वळवून 'मुअर्रख' केला, त्यातून तारीख. ही ओढूनताणून केलेली जुळवणी आहे. शेजारच्या भाषा बघा ना! हिब्रूत 'यारेआह' म्हणजे चंद्र, 'येराह' म्हणजे महिना. अक्कडियनमध्ये 'अर्खु' म्हणजे महिना. इथिओपियाच्या गीझ भाषेत 'वर्ख' म्हणजे चंद्र आणि महिना दोन्ही. घराणं एकच, सेमिटिक. इतके पुरावे दाराशी असताना फारसीकडे उसनवारीला कशाला जायचं? म्हणजे आपण ज्या शब्दाला तिथीच्या विरोधात उभं करतो, त्याच्याही मुळाशी चंद्रच. पेशवेकालीन कागदांत 'छ' लिहून मुसलमानी महिन्याची तारीख येते, तीही चांद्रच. हिजरी सनाला तर अधिक महिनाही नाही.

'तारीख परकी, दिनांक लिहा' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो : सावरकरांनी रूढ केलेला 'दिनांक' अर्जावर शोभतो, पण लग्नाचा दिनांक काढतो कोण? कोर्टात तारीखच पडते. आपल्याकडे विदर्भात तर तिलाच पेशी म्हणतात, ती लागते.

आणि हो, 'दिनविशेष' हा एकच शब्द, जोडून लिहायचा. 'दीनविशेष' लिहिलात तर तो गरिबांवरचा फलक होईल.