‘संबंध नाही’ असा टॅग लावला आणि झोप उडाली

प्रश्न : मी पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या खटल्यांत समोरच्या पक्षाला कोणती कागदपत्रं द्यायची, ते तपासून देणाऱ्या एका कंपनीत इंटर्नशिप करते. गेल्या आठवड्यात चाळीसएक ईमेलना मी ‘संबंध नाही’ असा टॅग लावला. ते सगळे खटल्यातल्या मशीनबद्दलच होते, पण कारखान्यातले लोक त्या मशीनला एका टोपणनावाने ओळखतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही. क्यूसीत, म्हणजे केलेल्या कामाच्या फेरतपासणीत, चूक पकडली गेली. अशा चुकांसाठी तिथली कोर्टं लाखो डॉलरचा दंड करतात, असं टीम लीड सगळ्यांसमोर म्हणाले. नंतर तीच बॅच पुन्हा वाचताना मला मशीनचं आणखी एक नाव सापडलं, पण ते सांगायचा अजून धीर झालेला नाही. कायम नोकरीची ऑफर आहे. आई म्हणते, ते सोड आणि न्यायाधीशाच्या परीक्षेला बस. काय करू?

उत्तर : आधी ते दुसरं नाव. हे वाचून झालं की लगेच टीम लीडना सांग. नोकरी, परीक्षा, आईचं म्हणणं, हे सगळं त्यानंतर. इतकी घाई का करायला लावते आहे, ते सांगते.

अमेरिकेत सॅन दिएगोच्या फेडरल कोर्टात क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीने ब्रॉडकॉम या दुसऱ्या चिप कंपनीवर पेटंटचा दावा लावला होता. व्हिडिओचं एक तांत्रिक मानक ठरत होतं, तेव्हा त्या चर्चेत आपण नव्हतोच, असं क्वालकॉमचं म्हणणं. २००७च्या जानेवारीत, खटला सुरू असताना, एका साक्षीदाराची तयारी करून घेणाऱ्या तरुण वकिलाला त्या साक्षीदाराच्या लॅपटॉपवर २००२चा एक ईमेल दिसला. त्या चर्चेशी जोडलेल्या एका मेलिंग लिस्टवरचा होता तो. शोध घेतल्यावर असे २१ ईमेल निघाले. हे कागद समोरच्याने मागितलेल्यांत बसत नाहीत असं ठरवून ते दिले गेले नाहीत. पुढे उलटतपासणीत त्याच साक्षीदाराने ईमेल असल्याचं कबूल केलं. खटला संपल्यावर न दिलेले ४६ हजारांहून जास्त कागद बाहेर आले. ब्रॉडकॉमचा वकिलांवर झालेला खर्च म्हणून क्वालकॉमने ८५ लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यावी, असा आदेश २००८ साली निघाला. क्वालकॉमच्या काही वकिलांवरही ठपका आला. अखेर २०१०मध्ये त्यांना शिक्षा न करण्याचं कोर्टाने ठरवलं, कारण त्यांनी हे वाईट हेतूने केलं असं दिसलं नाही. पण मधली ती दोन वर्षं त्यांनी कशी काढली असतील, याचा विचार कर.

आता तुझी गोष्ट याशेजारी ठेवून बघ. ४० ईमेल चुकले ते क्यूसीत सापडले, म्हणजे समोरच्या पक्षाकडे काही जाण्याआधीच. कोर्टापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नाही. क्यूसी ठेवतात ते यासाठीच. पण सापडलेलं दुसरं नाव तू मनात ठेवलंस, तर तू त्या २१ ईमेलच्या वाटेवर पहिलं पाऊल टाकलेलं असेल. तुझ्या पत्रातल्या याच एका गोष्टीने मला काळजी वाटली.

टीम लीडचं वाक्य घाबरवणारं होतं आणि अर्धवटही. तिथल्या दिवाणी प्रक्रियेत समोरच्याने कागद मागितले की साधारण ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. दिले नाहीत तर तो कोर्टात अर्ज करतो. अर्ज मंजूर झाला, किंवा अर्ज केल्यावर घाईघाईने कागद दिले, तरी त्या अर्जाचा खर्च, वकिलाच्या फीसकट, सहसा न देणाऱ्यावर पडतो. न देण्याला सबळ कारण असेल तर सुटका होते. कोर्टाचा आदेश झाल्यावरही कागद दाबले तर मात्र प्रकरण गंभीर होतं : पुरावा नाकारला जातो, दावा फेटाळला जाऊ शकतो, बचाव रद्द होऊ शकतो. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ११, नियम २१ तू वाचला असशील, त्याचाच हा थोरला भाऊ. डिजिटल पुरावा कायमचा गेला तर त्यावरून पक्षाच्या विरुद्ध अनुमान काढायला, २०१५च्या दुरुस्तीनंतर, तो मुद्दाम नाहीसा केला हे दिसावं लागतं. आणि २०१७मध्ये, गुडइयर या टायर कंपनीने टायरच्या चाचण्यांचे निकाल न दिल्याच्या प्रकरणात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गैरवर्तनामुळे जेवढा जास्तीचा खर्च झाला तेवढीच फी वसूल करता येते. २७ लाख डॉलरचा आदेश त्यासाठी परत पाठवला गेला. शिवाय दिलेली माहिती अपुरी होती असं नंतर लक्षात आलं, तर ती पूर्ण करून देणं हे तिथे कर्तव्यच आहे. म्हणजे चूक दुरुस्त करायची वाट नियमातच आहे, फक्त कुणीतरी बोलावं लागतं.

कागद दिल्याच्या उत्तराखाली सही तिथल्या वकिलाची असते, आणि आपण वाजवी शोध घेतला, हे ती सही सांगते. तुझं नाव त्यावर नसतं, पण ती सही तुझ्या टॅगवर उभी असते. ज्याला या विचाराने पोटात गोळा येत नाही, त्याला या कामावर ठेवू नये असं माझं मत आहे. तुला तो आला आणि तू बॅच पुन्हा वाचायला बसलीस. ओरडा खाल्ल्यावर असं फार थोडी मुलं करतात.

नोकरीचं म्हणशील, तर बार कौन्सिलच्या नियम ४९प्रमाणे वकिली करता करता पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, सनद घेतली असेल तर कळवून वकिली थांबवावी लागते. आणि मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली लागते. तेव्हा निकाल लागला की लगेच परीक्षा, हा आईचा बेत जमणार नाही, हे त्यांना शांतपणे सांग. न्यायाधीश व्हायचंच असेल, आणि ते आईचं नाही तर तुझं स्वप्न असेल, तर ही ऑफर घेऊ नकोस. कंपनीतली वर्षं त्या तीन वर्षांत धरली जातील अशी आशा ठेवू नकोस.

ते स्वप्न नसेल तर घे. पण नुसते टॅग लावत बसू नकोस. २०१२पासून तिथली कोर्टं संगणकाने केलेली छाननी मान्य करत आली आहेत, आणि पहिल्या फेरीचं काम कमी होत जाणार. वर्षभरात शोधशब्द ठरवणं, क्यूसी, वकील आणि अशिलातला गोपनीय पत्रव्यवहार वेगळा काढणं, यांतलं काहीतरी मागून घे. एका मशीनला कारखान्यात तीन नावं आहेत हे ओळखणं, हे त्यातलंच काम आहे, आणि ते तुला जमतंय.

आता मेल. तीन ओळी पुरे : ‘अमुक बॅच पुन्हा वाचताना या मशीनचं आणखी एक नाव दिसलं. ते या क्रमांकाच्या डॉक्युमेंटमध्ये आहे. या नावाने जुन्या बॅचेस पुन्हा शोधायच्या का, ते कृपया कळवा.’ चुकीबद्दल माफी वगैरे त्यात घालू नकोस. मेलची तारीख आजचीच असू दे.