गोडी आहे, पण ओढ नाही

प्रश्न : डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सगळीकडे वाचतो. प्राण्यांमध्ये ते खरं ठरतं का?

उत्तर : फारसं नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड पाल्मिटर यांच्या गटाने 1990च्या दशकात मेंदूत डोपामाइनच बनत नाही असे उंदीर तयार केले. त्यासाठी टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे डोपामाइन बनवायला लागणारं एन्झाइम तयार करणारं जनुक डोपामाइनच्या पेशींपुरतं बंद पाडलं. पिल्लं जन्मतात धडधाकट, पण काही आठवड्यांत खाणं-पिणं सोडतात. समोर अन्न असूनही उपाशी मरतात! रोज एल-डोपा (शरीरात ज्याचं डोपामाइन बनतं ते औषध) टोचलं, तर खातात आणि जगतात. गंमत पुढेच आहे. साधं पाणी आणि साखरेचं पाणी शेजारी ठेवलं, तर हे उंदीर पितात थोडंच, पण कल साखरेकडेच असतो. चव कळते, आवडतेही. उठून तिकडे जायची उमेद नसते.

उलटा प्रयोगही झाला आहे. वापरलेलं डोपामाइन परत शोषून घेणाऱ्या प्रथिनाचं जनुक मंद केलं, की डोपामाइन जास्त वेळ रेंगाळतं. असे उंदीर गोड खाऊकडे जास्त वेगाने धावले. जिभेवर साखर ठेवल्यावर मात्र त्यांच्या चेहऱ्यावर जास्तीची खुशी दिसली नाही.

प्रश्न : मग शिकण्याचा संबंध कुठे येतो?

उत्तर : अनपेक्षितपणात. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात पेटत. दिव्यानंतर रस येतो हे कळल्यावर त्या दिव्यालाच पेटू लागल्या, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी गप्प होत.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर बिस्किटासाठी काहीही शिकते. शेजारचा डॉबरमन बिस्किटाकडे ढुंकूनही बघत नाही. हे रक्तातलं की वळणाचं?

उत्तर : डॉबरमनला बॉल दाखवून बघा, त्याचं बक्षीस कदाचित वेगळं असेल. लॅब्रॅडॉरचं म्हणाल, तर साधारण चारांतल्या एकीत पीओएमसी या जनुकातला डीएनएच्या 14 अक्षरांचा तुकडा गळलेला असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी 2016मध्ये दाखवलं. भुकेला आवर घालणारे मेंदूतले काही संदेश याच जनुकावर अवलंबून असतात. अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये हे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास निघालं. खाऊसाठी झटपट शिकणारी कुत्री निवडता निवडता माणसाने हा बदलही नकळत निवडला असावा. नंतरच्या एका चाचणीत नाश्ता झालेल्या कुत्र्यांना पारदर्शक डबीत बंद केलेलं सॉसेज दाखवलं. तुकडा गळलेल्यांनी डबीशी जास्त झटापट केली. मात्र पोटभर खायला दिल्यावर त्यांनी इतरांपेक्षा जास्त खाल्लं नाही. तेव्हा तुमची लॅब्रॅडॉर जेवल्यावरही केविलवाणं बघत असेल, तर ते नाटक नसेलही. बिस्किटं मात्र रोजच्या जेवणातून वजा करा.

प्रश्न : कीटकांतही असंच असतं का?

उत्तर : यंत्रणा आहे, रसायनं थोडी वेगळी. मधमाशीत ऑक्टोपामाइन या डोपामाइनच्या जवळच्या रसायनाचं वजन मोठं. 1993मध्ये संशोधक मार्टिन हॅमर यांनी वास दिल्यावर साखरेऐवजी ऑक्टोपामाइनची एकच पेशी विजेने चेतवली, तरी माशी तो वास शिकली.