घार, शिक्रा, कापशी… सगळे सारखेच दिसतात, नवख्याने ओळखायचे कसे?

आधी रंग विसरा. उजेडाविरुद्ध उंचावर उडणारा कुठलाही शिकारी पक्षी काळाच दिसतो. शेपूट बघा.

साध्या घारीच्या शेपटीला मध्ये खाच असते आणि वळताना ती सुकाणूसारखी पिळते. शेपूट पूर्ण पसरली की खाच जवळजवळ दिसेनाशी होते, म्हणून दोन-तीन वळणं होऊ द्या. खाडीकाठी गोलसर शेपूट दिसली तर ब्राह्मणी घार. पांढरं डोकं, विटकरी अंग असलेली मोठी ब्राह्मणी कुणीही ओळखेल. फसवते ती पहिल्या वर्षातली तपकिरी.

माळावर हवेत एका जागी फडफडत थांबणारा पांढरा-राखाडी, खांद्यावर काळा डाग असलेला पक्षी कापशी. हिवाळ्यात तसाच थांबणारा, पण विटकरी पाठीचा आणि लांब शेपटीचा दिसला तर बहुधा खरूची.

खरी पंचाईत शिक्रा आणि पावशाची. पावशा शिकारी नव्हेच, कोकिळेच्या कुळातला. पण पट्टेदार शेपूट, चार फडफडी आणि मग तरंगणं, सगळं हुबेहूब शिक्र्यासारखं. छोटे पक्षीसुद्धा त्याला बघून घाबरतात, तिथे आपलं काय! बसला की चोच बघा. शिक्र्याची आखूड, आकड्यासारखी वळलेली. पावशाची बरीचशी सरळ, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. शिक्र्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध उभी रेघही असते. पावसाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ ऐकू आलं तर दुर्बीण काढायचीही गरज नाही.